तापाबरोबर तासही मोजा : किशोरवयातला मेनिंजायटिस

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा १७ वर्षांचा, पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच घर सोडून हॉस्टेलवर राहायला जाणार आहे. त्याच्या मित्राच्या कॉलेजातली एक मुलगी मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांना येणाऱ्या सुजेने, दीड दिवसात गेली आणि तेव्हापासून या माउलीची झोप उडाली आहे. त्या विचारतात : साधा ताप आणि हा आजार यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा? मान आखडणं आणि अंगावर लाल चट्टे हीच त्याची खूण ना? तो हॉस्टेलवर असताना आम्ही घरी बसून काय करणार? आणि लस द्यायची तर कोणती?

मी मुलांचा डॉक्टर आहे आणि माझी बरीचशी वर्षं अतिदक्षता विभागात गेली आहेत. त्या अनुभवावरून तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. मान आखडणं आणि चट्टे ही खूण खरी आहे, पण ती उशिरा येते. कधी कधी येतच नाही. तिची वाट पाहत बसू नका.

२००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ वर्षांपर्यंतची ४४८ मुलं, सगळ्यांना मेनिंजायटिस घडवणाऱ्या मेनिंगोकॉकस या जिवाणूचा आजार झालेला. कोणतं लक्षण कितव्या तासाला दिसलं हे त्यांच्या आईवडिलांना विचारून मांडलं होतं. पहिले चार ते सहा तास बहुतेकांचा आजार फ्लूसारखाच होता. ताप, डोकेदुखी, मळमळ, जेवण नको. आठ तासांच्या आसपास तीन गोष्टी दिसायला लागल्या : पाय दुखणं, हातपाय गार पडणं आणि कातडीचा रंग बदलणं. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांमध्ये यांपैकी काही ना काही होतं. आपण पुस्तकात वाचतो ते चट्टे, ताठलेली मान, हरपत चाललेली शुद्ध हे सगळं १३ ते २२ तासांच्या दरम्यान आलं. चोवीस तासांत मूल मरणाच्या दारात पोहोचू शकतं, असा हा हिशोब आहे. आणखी एक आकडा मला फार बोचतो. पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं तेव्हा जेमतेम निम्म्याच मुलांना रुग्णालयात पाठवलं गेलं. म्हणजे डॉक्टरांना दाखवून आलो, आता निश्चिंत, असं या आजारात म्हणता येत नाही.

हे असं का होतं ते समजलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत, म्हणून थोडं आत जातो.

मेंदू आणि मज्जारज्जू तीन पातळ पदरांत गुंडाळलेले असतात आणि या पदरांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. पदरांना जंतूंची लागण झाली की ते सुजतात, आतला दाब वाढतो. डोकं फुटेल असं दुखतं, उजेड सहन होत नाही, उलट्या होतात. मान पुढे वाकवली की सुजलेले पदर ताणले जातात, म्हणून शरीर मान वाकवूच देत नाही. हा झाला मेनिंजायटिस. बोलताना आपण याला मेंदूज्वर म्हणतो खरे, पण खुद्द मेंदूलाच सूज येते त्या वेगळ्या आजारालाही तोच शब्द वापरला जातो, म्हणून मी इथे मेनिंजायटिसच म्हणतो.

मेनिंगोकॉकस आणखी एक गोष्ट करतो. तो रक्तात शिरतो आणि तिथे झपाट्याने वाढतो. कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून दोन्ही आजार एकदम होतात, तर कधी नुसतीच रक्तातली लागण होते आणि मान शेवटपर्यंत मऊच राहते. या जंतूच्या कवचातून सुटणाऱ्या विषामुळे बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तदाब सांभाळण्यासाठी शरीर हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं आणि हृदय, मेंदू यांच्याकडे वळवतं. म्हणून कपाळ तापलेलं आणि पाय मात्र गार. म्हणून पोटऱ्या, मांड्या इतक्या दुखतात की मुलाला उभं राहवत नाही. ओठ फिके, राखाडी दिसतात, श्वास भरभर चालतो. पुढे रक्त गोठण्याची व्यवस्थाच बिघडते आणि कातडीखाली ठिकठिकाणी रक्त साकळतं. लोक ज्याला पुरळ म्हणतात ते खरं तर हे साकळलेलं रक्त असतं. आता लक्षात येईल की पुरळ दिसेपर्यंत केवढं काय काय होऊन गेलेलं असतं.

माझ्या उमेदवारीच्या वर्षांतली एक रात्र सांगतो. १५ वर्षांची मुलगी, रात्री अकराच्या सुमारास आली. संध्याकाळपासून ताप, डोकं दुखतंय, दोन उलट्या. मी तपासलं. मान मऊ होती, बोलत होती. पॅरासिटामॉल दिलं, तासाभरात ताप उतरला, पाणी प्यायली. साधा विषाणूचा ताप, घरी न्या, उद्या दाखवा, असं मी सांगितलं आणि कागद लिहायला घेतला. तिची आई खुर्चीवरून उठलीच नाही. म्हणाली, "डॉक्टर, ही अशी नाही हो. मगाशी धाकट्याने हिचा मोबाइल घेतला आणि ही काहीच बोलली नाही. हिच्या वस्तूला हात लावला तर घर डोक्यावर घेते ही." मला त्या वाक्याचं वजन तेव्हा कळलं नव्हतं. पण बाई हलेचनात, म्हणून सकाळपर्यंत ठेवून घेतलं. पहाटे तीन वाजता सिस्टरने मला हाक मारली. मुलीचे पाय गार लागतात म्हणून ती मोजे बदलायला गेली होती. मोजे काढले तर इलॅस्टिक बसतं त्या वळावर, घोट्याच्या वर, टाचणीच्या टोकाएवढे सात-आठ जांभळे ठिपके होते. अकरा वाजता मी तिचे मोजे काढून पाहिलेच नव्हते. प्रतिजैविक त्याच मिनिटाला सुरू झालं. ती वाचली, पूर्ण बरी झाली. ती वाचली ती तिच्या आईमुळे. त्या रात्रीनंतर तापाने आलेल्या एकाही मुलाला मी मोजे काढल्याशिवाय घरी पाठवलेलं नाही. आणि "हा असा नाही हो" असं घरच्यांनी म्हटलं की ती तक्रार ताप, नाडीइतकीच लिहून घेतो.

तुमच्या मुलाच्या वयात हा आजार ओळखणं तान्ह्या बाळापेक्षाही अवघड जातं, असं माझं मत आहे. बाळ आपल्या मांडीवर असतं. सतरा वर्षांच्या मुलाच्या खोलीचं दार बंद असतं. तो डोकं दुखतंय म्हणून झोपला तर आपण म्हणतो, जागरणं करतो, मोबाइल बघतो, झोपू दे. उजेड नको म्हणाला तर अर्धशिशी असेल. पाय दुखतात म्हणाला तर कालचा फुटबॉल. चिडला, तुटक बोलला, तर वयच तसं आहे. आईसमोर कपडे काढून अंग दाखवायला या वयात कोणीच तयार नसतं. पार्टीहून आलेला मुलगा बरळायला लागला तर मित्र म्हणतात, जास्त झालीय, पडू दे. या प्रत्येक वाक्याआड मी हा आजार लपलेला पाहिलेला आहे. त्यामुळे माझा पहिला सल्ला औषधाचा नाही. तापाने फणफणलेल्या मोठ्या मुलाला रात्रभर बंद दाराआड एकटं झोपू देऊ नका. दोन-तीन तासांनी आत जा, हाक मारून जागं करा, प्रश्न विचारा. उत्तर नीट येतंय का? तो नेहमीसारखा वैतागून "झोपू दे ना" म्हणाला तर फार छान. हाक मारूनही नीट जागा झाला नाही, कुठे आहोत ते सांगता येत नसेल, तर त्याला गाढ झोप लागली आहे असं समजू नका.

साध्या तापात मूल कुरकुरतं, पण ताप उतरला की थोडं माणसात येतं, मग पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. दोन-तीन दिवस अशी वर-खाली चाल असते. या आजारात उतार एकाच दिशेचा असतो. चार वाजता होता त्यापेक्षा सहाला वाईट, सहापेक्षा आठला वाईट. म्हणून थर्मामीटरच्या आकड्याशेजारी वेळ लिहा आणि त्यापुढे एक ओळ : काय खाल्लं, चालत बाथरूमला गेला का, लघवी शेवटची कधी झाली. एक इशारा मात्र देतो. पॅरासिटामॉलने या आजारातलाही ताप उतरतो, माझी तशीच फसगत झाली होती. औषधाने ताप उतरला याचा अर्थ आजार साधा आहे असा होत नाही. आणि या वयात तापासाठी अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. विषाणूच्या आजारात त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो.

हातपाय गार आहेत की नाही हे पाहताना एक सावधगिरी बाळगा. ताप चढताना हुडहुडी भरते तेव्हा कोणाचेही हात गार पडतात. थंडी ओसरली, अंग भट्टीसारखं तापलं, तरीही पंजे आणि तळवे गारच राहिले तर ते वेगळं. बोटाचं नख किंवा टोक पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं बोट दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. तीन सेकंदांच्या वर लागत असतील तर थांबू नका.

आता चट्ट्यांबद्दल. साध्या काचेच्या पारदर्शक ग्लासची कड किंवा बाजू चट्ट्यावर घट्ट दाबा आणि काचेतून पाहा. ॲलर्जीचं किंवा विषाणूच्या तापाचं पुरळ दाबल्यावर फिकं होतं, कारण रक्त अजून वाहिन्यांतच असतं. बाहेर साकळलेलं रक्त दाबाने हलत नाही, ठिपका तसाच दिसतो. सावळ्या, काळ्या अंगावर सुरुवातीचे ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडात टाळू पाहा. इलॅस्टिकचा दाब पडतो त्या जागा, म्हणजे मोज्यांची आणि कमरेची रेघ, विसरू नका. चांगल्या उजेडात पाहा आणि तासाभराने परत पाहा. ठिपके दाबून जात नसतील तर ती आणीबाणी आहे. पण ठिपके नाहीत, किंवा दाबल्यावर जातात, म्हणून मुलगा सुखरूप आहे असंही नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ग्लासची ही चाचणी लोकांच्या लक्षात राहते आणि तिचा उलटा अर्थ काढला जातो.

जायचं कुठे? यांतलं काही दिसलं तर सकाळच्या दवाखान्याची वाट पाहायची नाही. जिथे चोवीस तास डॉक्टर असतात आणि शिरेतून औषध देता येतं अशा मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत थेट जायचं. तिथे गेल्यावर "ताप आहे" एवढंच सांगू नका. "संध्याकाळी पाचला सुरू झालं, आठला पाय दुखायला लागले, दहापासून नीट बोलत नाही, आम्हाला मेनिंजायटिसची भीती वाटते" असं सरळ म्हणा. रोगाचं नाव घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. घरी पाठवलं तर एवढं विचारून घ्या की काय झालं तर परत यायचं. आणि तसं झालं, तर त्याच रात्री परत जायला संकोच करू नका.

रुग्णालयात काय घडतं ते आधी माहीत असलं तर धीर राहतो. दाट संशय असेल तर पहिल्या तासाभरात प्रतिजैविक जायला हवं. बहुधा सेफट्रायॅक्सोन शिरेतून देतात, त्याआधी जमलं तर कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतात. तपासणीचे निकाल येईपर्यंत औषध अडवून ठेवत नाहीत. बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड पहिल्या डोसच्या आधी किंवा बरोबरच देतात. जंतू मरताना सूज भडकते आणि कानाला इजा होते, ती त्याने कमी होते, विशेषतः न्यूमोकॉकस या दुसऱ्या एका जिवाणूच्या मेनिंजायटिसमध्ये. 'स्टिरॉइड' शब्दाने घाबरू नका, दोन-चार दिवसांचाच प्रश्न असतो.

खरी घबराट होते ती पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की. "त्याने मुलगा कायमचा अधू होईल" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि या भीतीपोटी सहीला झालेला उशीरही पाहिला आहे. म्हणून नीट सांगतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, दोनेक मणके सोडून घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच, द्रवात मोकळे तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात आणि ते सुईपुढून बाजूला सरकतात. मुलाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, जागा बधिर करतात. काही थेंब द्रव पुरतो. काहींचं नंतर एक-दोन दिवस डोकं दुखतं. बदल्यात काय कळतं? द्रव गढूळ आहे का, त्यात साखर किती कमी झाली, कोणत्या पेशी आहेत आणि जंतू नेमका कोणता. प्रतिजैविक आधी दिलं गेलं असेल तरी जंतूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत त्याची ओळख पटू शकते. त्यावरून ठरतं की औषध आठवडाभर द्यायचं, दोन आठवडे, की अजिबातच गरज नाही. मुलाची प्रकृती फारच डळमळीत असेल किंवा मेंदूवर दाब वाढल्याच्या खुणा असतील तर डॉक्टर ही तपासणी स्वतःच पुढे ढकलतात. पण ते करू म्हणत असतील तर सही करा.

गरज नाही असं म्हणालो ते यासाठी की मेनिंजायटिसचे बहुतेक रुग्ण विषाणूंचे असतात, एन्टेरोव्हायरस त्यात आघाडीवर. डोकं भयंकर दुखतं, पण मुलं साधारण आठ-दहा दिवसांत विश्रांतीने बरी होतात. तो 'सौम्य' प्रकार घरी ओळखून दाखवतो असं म्हणणाऱ्या कोणावरही, डॉक्टरवरही, विश्वास ठेवू नका. दुसऱ्या टोकाला क्षयाचा मेनिंजायटिस आहे. तो तासांत येत नाही, आठवडे घेतो. बारीक ताप, वजन उतरणं, रोजचं डोकं दुखणं, स्वभाव बदलणं, अभ्यासात मागे पडणं, पुढे तिरळेपणा किंवा एकाला दोन दिसणं. किशोरवयात हे सगळं मानसिक ताणावर ढकललं जातं. दोन आठवडे रेंगाळलेली डोकेदुखी आणि ताप एकत्र असतील तर तपासणी मागून घ्या. आणखी एक गोष्ट जाता जाता. डोक्याला मार लागल्यानंतर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ गळत असेल, वाकल्यावर वाढत असेल, तर ती सर्दी नसून मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. त्या वाटेने न्यूमोकॉकस आत शिरतो. मार लागून महिने उलटले असले तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

हा जंतू लागतो कसा? मेनिंगोकॉकस सुमारे दहातल्या एका निरोगी माणसाच्या घशात मुकाट राहत असतो. विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलांमध्ये हे प्रमाण चारातल्या एकापर्यंत जातं. जवळ जवळ सगळ्यांना तो काहीच करत नाही, उलट शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. क्वचित एखाद्याच्या घशातून तो रक्तात उतरतो, बहुधा तो नवा नवा घशात आल्यावर काही दिवसांतच. हॉस्टेलचं पहिलं वर्ष जोखमीचं ते यामुळे. अनेक गावांहून आलेले घसे एका खोलीत, गर्दीत, रात्रीच्या गप्पांत एकत्र येतात. चुंबन, सिगारेट आणि तिचा धूर, नुकताच झालेला फ्लू, हे त्याला हात देतात. शरीराबाहेर हा जंतू फार काळ तगत नाही, त्यामुळे खुर्च्या, पुस्तकं, पोहण्याचा तलाव यांची धास्ती घेण्याचं कारण नाही. ज्यांची प्लीहा काढलेली आहे किंवा रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या संरक्षक प्रथिनांत जन्मजात उणीव आहे, त्यांचा धोका कैक पटींनी मोठा. त्यांच्या डॉक्टरांशी लसींबद्दल वेगळं बोलायलाच हवं.

एखाद्याला मेनिंगोकॉकसचा आजार झाला तर आधीच्या सात दिवसांत त्याच्याबरोबर एका घरात, एका खोलीत राहिलेल्यांना आणि त्याच्या जोडीदाराला प्रतिबंधक औषध देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनची एकच मात्रा, किंवा दोन दिवस रिफाम्पिसिन, किंवा सेफट्रायॅक्सोनचं एक इंजेक्शन. शक्यतो चोवीस तासांत. एका वर्गात बसलेल्या साठ जणांना ते लागत नाही. आरोग्य विभागाचे लोक यादी करतात, त्यांना खरी माहिती द्यायला मुलांना सांगा. कोण कोणाला भेटलं हे लाजेपोटी लपवलं जातं आणि नेमका तोच माणूस राहून जातो. औषध घेतलं तरी पुढचे दहा दिवस तापाकडे लक्ष हवंच.

लसीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, हॉस्टेलवर जाणाऱ्या मुलाला ती द्यावी. या जंतूचे ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा गट बहुतेक सगळे आजार घडवतात. एसीवायडब्ल्यू ही चार गटांची एक लस आहे आणि बी गटाची वेगळी आहे. अमेरिकेत २००५ मध्ये चार गटांची लस ११-१२व्या वर्षी द्यायला सुरुवात झाली आणि संरक्षण काही वर्षांत ओसरतं असं दिसल्यावर १६व्या वर्षी दुसरा डोस जोडला. ब्रिटनमध्ये डब्ल्यू गटाचे रुग्ण वाढले तेव्हा २०१५ मध्ये किशोरांना हीच लस सुरू झाली. म्हणून लहानपणी एकदा झाली होती यावर विसंबू नका, कार्ड काढा आणि तारीख पाहा. ही लस घशातला जंतूही कमी करते. ब्रिटनने १९९९ मध्ये सी गटाची लस तरुण वयापर्यंतच्या सगळ्यांना दिली तेव्हा लस न घेतलेल्यांमध्येही रुग्ण घटले. आफ्रिकेत ए गटाच्या साथी दर काही वर्षांनी हजारो बळी घेत. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून तिथे लस सुरू झाली आणि तो गट जवळपास नाहीसाच झाला.

बी गटाच्या लसीचं तसं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ आणि २०१८ मध्ये सुमारे ३५ हजार शाळकरी मुलांवर पाहिलं गेलं, तिने घशातला जंतू कमी झाला नाही. म्हणजे ती ज्याने घेतली त्याचंच रक्षण करते, शेजाऱ्याचं नाही. सगळ्यांनी घेतली म्हणून माझ्या मुलाला नको, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. ती तुमच्याकडे मिळत असेल आणि परवडत असेल तर घ्या, दोन डोस लागतात. दंड दुखतो, दिवसभर कणकण वाटते, एवढंच बहुधा. या वयात इंजेक्शननंतर चक्कर येऊन पडणारी मुलं मात्र बरीच असतात, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवा. आणि कोणतीही लस सगळ्या जंतूंना पुरत नाही. लस घेतलेल्या मुलातही वर सांगितलेल्या खुणा तितक्याच गांभीर्याने घ्यायच्या.

उपचार होऊन घरी आलेल्यांबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये सहातला एक दगावतो आणि पाचातल्या एकाला गंभीर इजा मागे राहते. त्यात सगळ्यांत जास्त कान जातात. म्हणून घरी सोडण्याआधी किंवा चार आठवड्यांच्या आत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झालीच पाहिजे, मुलगा "मला नीट ऐकू येतं" म्हणाला तरी. बहिरेपणा मोठा असेल तर घाई लागते, कारण आतल्या कानाच्या शंखात हाड भरत जातं आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात घालायचं उपकरण, बसवणंच अवघड होतं. बाकी थकवा, विसरभोळेपणा, एकाग्रता न होणं, उगाच रडू येणं हे महिनोन्‌महिने चालू शकतं. त्याला आळस म्हणू नका. कॉलेजशी बोलून अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस असं सुरू करा.

आता हॉस्टेल. तुम्ही घरी बसून काय करणार, हे विचारलंत ते फार बरं केलंत, कारण तिथे आई हाक मारायला येणार नाही. ते काम रूममेटने करायचं. पहिल्या दिवशी सामान लावायला जाल तेव्हा त्या मुलाचा आणि वॉर्डनचा नंबर घ्या, तुमचा त्यांना द्या. चोवीस तास चालणारं जवळचं रुग्णालय कोणतं आणि रात्री दोनला तिथे कसं जायचं हे त्याच दिवशी पाहून ठेवा. दोन्ही मुलांना समोर बसवून सांगा : कोणालाही ताप आला तर त्याने दुसऱ्याला सांगायचं, दार आतून लावायचं नाही. सांगितलेल्याने रात्री दोन-तीनदा उठवून बघायचं. उठत नाही, बरळतोय, पाय टाकवत नाही, उजेड नको म्हणतो, ठिपके दिसतात, यांतलं एक जरी असलं तरी सकाळ होऊ द्यायची नाही, आधी रुग्णालय, मग घरी फोन. दारू प्यायलेला असेल आणि घरी कळेल म्हणून नेलं नाही, असं होऊ देऊ नका. "तू कसाही असलास तरी आधी जा, बाकीचं आपण नंतर बघू," हे त्याला तुमच्या तोंडून ऐकलेलं असू दे.

आणि लसीचं उद्यावर टाकू नका. टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तो पुढच्या महिन्यात जाणार आहे म्हणता, तर याच आठवड्यात घेऊन जा आणि लसीच्या कार्डचा फोटो त्याच्याही फोनमध्ये ठेवा.